प्रश्नाला उत्तर, विरोधाला जागा
महाराष्ट्रातील महापालिकांच्या महापौरांना आणि नगरसेवकांना खुले पत्र

माननीय महापौर आणि सभागृहाचे सर्व सन्माननीय सदस्य,



जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि बऱ्याच काळानंतर सभागृहांना सदस्य मिळाले. मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. कोल्हापूर, नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासून नगरसेवक नव्हते. इचलकरंजी आणि जालन्याला महापालिका म्हणून पहिल्यांदाच सभागृह मिळाले आहे. तुम्हा सर्वांचे मनापासून अभिनंदन. रस्ता, पाणी, कचरा यांची निवेदने तुमच्याकडे रोज येत असतील. माझे मागणे थोडे वेगळे आहे. आपल्या शहरांत आपण एकमेकांशी कसे बोलतो आणि बोललेल्याचे पुढे काय होते, याबद्दल मला लिहायचे आहे.

प्रशासकांच्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणारा अधिकारी एकच असे. सभागृहात कुणी हौद्यात उतरत नव्हते, विषयपत्रिका फाडली जात नव्हती, मानदंड पळवला जात नव्हता. सगळे कसे शांत होते. पण त्या शांततेत गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा का खोदला, हे विचारायचे कुणाला, ते लोकांना कळत नव्हते. कोणी म्हणायचे आमदाराकडे जा, कोणी म्हणायचे वॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. अर्जावर शिक्का बसायचा आणि तिथेच तो थांबायचा. म्हणून आधीच सांगते, मला ती शांतता परत नको आहे. तुम्ही भांडा. अंदाजपत्रकावर, टेंडरवर, विकास आराखड्यावर तावातावाने भांडा. माझी मागणी एवढीच आहे की विचारलेल्या प्रश्नाला नोंदीवर उत्तर मिळावे, आणि विरोधात बोललेला माणूस बोलून झाल्यावर मानाने आपल्या जागी बसावा. शहराच्या कारभारातली सभ्यता मी या दोन गोष्टींवर मोजते. गोड बोलणे हा त्यापुढचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरात पाण्याच्या वेळापत्रकावर बोलावलेल्या बैठकीला मी गेले होते. क्षेत्रीय कार्यालयाचा वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पांढरे कापड घातलेले टेबल आणि अधिकाऱ्यांपुढे पाण्याच्या बंद बाटल्या. एका वस्तीतली बाई वही घेऊन उठली. तिने पेन्सिलीने रोजची नोंद ठेवली होती : पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, किती हंडे भरले. तिचा प्रश्न साधा होता. आमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह किती वाजता सोडतात? उत्तरादाखल अधिकारी नव्या टाकीबद्दल बोलले. योजनेचा खर्च सांगितला, प्रस्ताव कुठल्या टप्प्यात आहे ते सांगितले. तिने प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आले, ‘बघून घेतो.’ तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज चढला. मग मागच्या रांगेतले पुरुष उभे राहिले, कुणीतरी माईक ओढला, शिवी गेली, बैठक आटोपली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले : पाणी बैठकीत गोंधळ.

त्या सगळ्या वेळेत व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी दाराशी उभा होता. त्याला कुणी काही विचारले नाही. जिन्यात त्याने तिला आपणहून सांगितले, ‘ताई, मी पहाटे पावणेपाचलाच सोडतो. पण वरच्या सोसायट्यांना दाब कमी पडतो म्हणून फोन येतो, मग तुमची लाइन अर्धी बंद करायला लागते.’ म्हणजे उत्तर त्याच इमारतीत होते. ते देऊ शकणाऱ्या माणसाला बोलायची मुभा नव्हती, आणि ज्यांना मुभा होती त्यांना ते द्यायचे नव्हते. गोंधळाची बातमी झाली, पावणेपाचची झाली नाही.

आपल्या सार्वजनिक बैठकांत आवाज का चढतो, याचे कारण मला त्या दिवशी दिसले. लोक उद्धट झाले आहेत, असे अधिकारी म्हणतात. थोडे खरेही असेल. पण ‘प्रस्तावित आहे’, ‘पाठपुरावा सुरू आहे’, ‘वरिष्ठांना कळवले आहे’ ही तीन वाक्ये वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसाने चौथ्यांदा शांतपणे विचारावे, ही अपेक्षा रास्त नाही. आधी मोघम उत्तरे बंद करा. बराचसा आरडाओरडा आपोआप कमी होईल.

विरोधाबद्दल बोलायचे तर पुण्याच्या नगरपालिकेतला एक प्रसंग प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिथे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय निघाला. फुल्यांचे म्हणणे होते की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. सभेत विरोधात मत देणारे ते एकटेच होते. सरकारनियुक्त सभासद, साम्राज्याचा इथला सर्वोच्च अधिकारी पाहुणा, आणि हा माणूस एकटा हात वर करतो. कुणाला शिवी नाही, कागद फाडणे नाही. मत दिले, ते नोंदवले गेले, आणि आज दीडशे वर्षांनी त्या सभेतले तेवढेच एक मत आपल्याला आठवते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायलाही त्यांचा विरोध होता. ती इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचेच नाव देण्यात आले. शहराने आपल्या विरोधकाचे नाव आपल्या सर्वांत गजबजलेल्या जागेला द्यावे, यात मला त्या शहराचा मोठेपणा दिसतो. तुमच्या सभागृहात उद्या कुणी एकटा हात वर करील. त्याला ‘विकासविरोधी’ म्हणून गप्प करण्याआधी मंडईची आठवण ठेवा.

आता महाडकडे येते, कारण सभ्यतेची दुसरी आणि कठीण बाजू तिथे आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. सभा रीतसर झाली, ठराव रीतसर झाला. तळ्याचे पाणी मात्र तीन वर्षे अस्पृश्यांना भरू दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. आणि नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तळे खुले करण्याचा आपलाच ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

यातले सभ्य कोण होते? सभागृहात बसून कागद करणारे, की तळ्याच्या पायऱ्या उतरणारे? आपल्याकडे निवेदन दिले की सभ्य आणि मोर्चा काढला की असभ्य, असा एक समज रुजला आहे. तो महाडने खोटा ठरवला. मंजूर ठरावाचा अंमल न करणे ही नागरिकांशी केलेली सर्वांत मोठी असभ्यता आहे, मग सभा कितीही शिस्तीत झालेली असो. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या अशा झगडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. सभागृहात त्या आकडे मांडायच्या आणि १९७२ मध्ये महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या पुढेही होत्या. रस्ता आणि सभागृह यांत त्यांना विरोध दिसला नाही. मलाही दिसत नाही.

जिथे रेघ ओढायची ती मात्र ठाम ओढली पाहिजे. खड्ड्यांचा जाब विचारताना अभियंत्याच्या अंगावर चिखल ओतल्याची दृश्ये या राज्याने पाहिली आहेत. कार्यालयात घुसून कनिष्ठ अभियंत्याला कॅमेऱ्यासमोर खुर्चीवरून उठवणे, त्याची चित्रफीत फिरवणे, त्यावर शाबासकी मिळवणे, हे आता नेतृत्वाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. मार खाणारा नेहमी खालच्या पायरीवरचा असतो : कनिष्ठ अभियंता, मुकादम, अतिक्रमण विभागाचा कर्मचारी. टेंडरवर सही करणाऱ्याच्या केबिनपर्यंत तो हात पोचत नाही. तुमच्या पक्षातला कुणी असे करील तेव्हा त्याचा सत्कार करू नका. पुढच्या सभेत उभे राहून, त्याचे नाव घेऊन, हे चूक झाले असे म्हणा. दुसऱ्या पक्षातल्याबद्दल तर सगळेच म्हणतात.

महापौर, सभेचे अध्यक्षस्थान तुमच्याकडे आहे म्हणून काही गोष्टी थेट तुमच्याशी बोलते. गदारोळात विषय मंजूर करू नका. दोन्हीकडून घोषणा सुरू असताना नगरसचिवांनी विषय क्रमांक वाचायचा, तुम्ही ‘मंजूर’ म्हणायचे आणि पाच मिनिटांत पन्नास विषय संपवायचे, ही रीत सर्व पक्षांनी वापरली आहे आणि सर्व पक्षांनी तिच्यावर टीकाही केली आहे. गोंधळ झाला तर सभा तहकूब करा, पण तो विषय चर्चेविना पुढे सरकवू नका. उपसूचना ऐनवेळी हातात देऊ नका. ज्या विषयावर मोठा पैसा किंवा लोकांची घरे अवलंबून आहेत, त्यावर मतदान घ्या आणि कुणी काय मत दिले ते इतिवृत्तात येऊ द्या. फुल्यांचे मत आपल्याला कळले कारण ते कुठेतरी नोंदले गेले होते. आवाजी मतदानात एकटा माणूस हरवतो.

आणि नगरसेविकांना स्वतः बोलू द्या. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तरी प्रभागाच्या बैठकीत बाईंच्या शेजारी बसलेले ‘साहेब’ उत्तरे देताना आजही दिसतात. प्रश्न बाईंना विचारला असेल तर उत्तर बाईंनीच द्यावे, हे अध्यक्षस्थानावरून एकदा खणखणीत सांगितले तरी पुरे. नव्याने निवडून आलेल्या कितीतरी जणींना प्रभागातल्या प्रत्येक गल्लीतली नळाची वेळ पाठ असते. ते ज्ञान सभागृहात यायला हवे.

नागरिकांबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. पदपथावरच्या भाजीवाल्यांचा वाद घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल जी भाषा वापरली जाते ती वाचवत नाही. ‘हे बाहेरचे’, ‘यांना हाकला’, आणि त्याच माणसाकडून संध्याकाळी मेथीची जुडी घ्यायची. दुसरीकडे, पदपथावर चालता येत नाही म्हणून रस्त्यावर उतरावे लागणाऱ्या वृद्धांचा प्रश्नही खरा आहे आणि तो मांडणाऱ्याला गरिबांचा शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यासाठी एक टेबल दिले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांच्यासोबत महापालिका, वाहतूक पोलीस, रहिवासी यांचे प्रतिनिधी बसतात. भाजी विकणारी आणि काठी टेकत चालणारे आजोबा समोरासमोर बसले की ‘बाहेरचे’ हा शब्द जरा जड जातो. मग बोलणे रुंदीवर येते, किती फूट मोकळे ठेवायचे, गाडी किती वाजता हलवायची यावर येते. ही समिती तुमच्या शहरात नियमित बसते का, तिचे इतिवृत्त लोकांना वाचायला मिळते का, हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्या.

लिहून, मुद्देसूद केलेली हरकत किती कामाची असते हे मुंबईने दाखवले आहे. २०१५ साली शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात ढोबळ चुका निघाल्या. लोकांनी नकाशे उघडून आपापल्या गल्ल्या तपासल्या, हजारोंनी हरकती दिल्या, आणि तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करावे लागले. त्या हरकतींत रागही होता, पण सोबत सर्व्हे नंबर होता, रस्त्याची रुंदी होती, शाळेचे नाव होते. नागरिकांनी हेच शिकायला हवे. बैठकीला जाताना अंदाजपत्रकाचे पान आणि माहिती अधिकारात मिळालेला कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत सुरू केली. ती तुमच्याकडे चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करा. माहिती नसलेल्या लोकांशी वाद घालणे तुम्हालाही जड जाते.

आता मुख्य मागणी. खेड्यातल्या माणसाकडे ग्रामसभा आहे. ती नीट होते की नाही हा वेगळा प्रश्न, पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तिथे लोकांना पाठ असतात आणि सरपंचाला तोंडावर प्रश्न विचारता येतो. शहरातल्या माणसाकडे काय आहे? कायद्याने आहे. २००९ साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. त्या भागातल्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. पण आपण अशा सभेचे सदस्य आहोत हे बहुतेक मतदारांना ठाऊकही नाही. त्यात मुंबई सोडून बाकी शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. चार नगरसेवक असले की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागातल्या नगरसेवकांनी मिळून एक सभा बोलावली तर सगळ्या शहराला उत्तर मागायची जागा मिळेल.

क्षेत्रसभा बोलावली तर नुसती भांडणे होतील, अशी भीती तुमच्यापैकी काहींना वाटते, हे मला माहीत आहे. सुरुवातीला होतीलही. पण भांडणातून निर्णयाकडे कसे जायचे, हे याच राज्यातल्या एका लहान गावाने करून दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवण्यात हे गाव देशात आघाडीवर होते. त्यांच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याचे समाधान झाले नाही तर विषय पुढच्या सभेत जातो. आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट असतात. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उरले आहे, बाहेरच्या जाणकारांचे मत काय, यावर अभ्यासगट बसतो, बोलतो, माहिती गोळा करतो. निर्णय घेण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही. तो ग्रामसभेचा. मला यातली ही वाटणी फार मोलाची वाटते. शिकण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी ठेवली की शिकताना कुणी हरत नाही आणि ठरवताना कुणी अडाणी नसतो.

एवढ्या मोठ्या प्रभागात सर्वसहमती शक्य नाही, हे मला कळते. अभ्यासगट मात्र नक्की शक्य आहे. प्रभागातल्या एका प्रश्नावर, समजा नाल्यावर किंवा मैदानाच्या जागेवर, दहा-पंधरा रहिवासी, कनिष्ठ अभियंता, एखादी शिक्षिका, तिथलाच सफाई कर्मचारी यांनी महिनाभर बसावे. त्यांनी निर्णय घेऊ नये, कागद तयार करावा. मग तो कागद क्षेत्रसभेत वाचावा आणि तिथे वाद व्हावा. त्या पाणी बैठकीआधी असा गट बसला असता तर वही घेऊन आलेली बाई आणि व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी एका बाकावर असते.

क्षेत्रसभेत विचारलेला प्रत्येक प्रश्न क्रमांक देऊन लिहून घ्या. पुढच्या सभेची सुरुवात त्या प्रश्नांच्या उत्तरांनी करा. ‘करता येणार नाही’ हेही उत्तर चालेल, कारण दिले तर. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी सुचवलेले काम नाकारले तर तेही कारणासह कळवा. लोक नकार पचवतात. गप्प बसणे पचवत नाहीत.

पाच वर्षे तुमच्या हाती आहेत आणि पहिले वर्ष लवकर निघून जाते. म्हणून मागणे छोटे ठेवते. येत्या तीन महिन्यांत आपापल्या प्रभागातल्या पहिल्या क्षेत्रसभेची तारीख जाहीर करा. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, म्हणजे कामावरून परतणारे येऊ शकतील. जागा महापालिकेच्या शाळेची ठेवा, पक्षाच्या कार्यालयाची नको. खुर्च्या गोलात मांडा. पाणी सोडणाऱ्याला आणि कचरा उचलणाऱ्याला बोलवा आणि त्यांनाही माईक द्या. विरोधात बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्या. तारीख फलकावर लावा, आम्ही येऊ.

आपली,
एक मतदार